तांबं चांगलंच, पण...



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त, पुतण्याचा फोन. नागपुरात त्याच्या सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे. एप्रिल-मे आला की पाणी हिरवं पडतं, कडेच्या फरशा बुळबुळीत होतात. आता बैठकीत ठरतंय की क्लोरीन बंद करायचं आणि तांब्याचं यंत्र बसवायचं. म्हणाला, "काका, तांबं नैसर्गिक. क्लोरीन म्हणजे केमिकल. तुम्ही तर भंडाऱ्याकडचे, तुम्हाला तांब्याचं महत्त्व काय सांगायचं!"

आमचं कारधा वैनगंगेच्या एका काठावर, तर भांड्यांसाठी नावाजलेलं भंडारा दुसऱ्या काठावर. तांब्या-पितळेचे गुंड आमच्या घरीही आहेत. रात्री तांब्याच्या भांड्यात भरून ठेवलेलं पाणी मी आजही सकाळी पितो. तेव्हा तांब्याशी माझं वैर नाही, हे आधीच सांगतो. माझं भांडण आहे ते 'नैसर्गिक' या एका शब्दाशी.

त्या यंत्रात असतं तरी काय? तांब्याच्या दोन पट्ट्या. त्यांतून थोडी वीज सोडली की तांब्याचे कण पाण्यात उतरतात. द्राक्षबागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर जो निळा मोरचूद घालतात, त्यातलं काम करणारं तांबंही तेच. मोरचुदाला कुणी नैसर्गिक म्हणत नाही, कारण तो दुकानातून पुडीत येतो. यंत्र चकचकीत असलं की मात्र तेच तांबं सात्त्विक होतं!

आता शेवाळाबद्दल. तांबं शेवाळ मारतं, यात शंका नाही. अमेरिकेच्या शेतकी खात्यातल्या मूर आणि केलरमन या दोघांनी पाणीपुरवठ्याच्या तलावांतलं शेवाळ मोरचुदाने कसं मारता येतं, हे 1904 सालीच लिहून ठेवलं. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी तांबंही बऱ्याचदा पुरतं. पण मंडळी, शेवाळ दिसतं आणि जंतू दिसत नाहीत. सगळी फसगत इथेच होते. पाणी निळंशार दिसलं म्हणजे शुद्ध झालं, असं आपण धरून चालतो.

तांबं जंतूही मारतं, पण सावकाश. बंगळूरच्या संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तांब्याच्या भांड्यात पाणी 16 तास ठेवलं, तेव्हा त्यातले हगवणीचे जंतू नाहीसे झाले. रात्रभर झाकून ठेवलेल्या पाण्याला हे ठीक आहे. तलावात तेवढी सवड कुणाला? एका पोराचं पोट बिघडलेलं असतं, शेजारचं पोर दुसऱ्याच मिनिटाला तेच पाणी गिळतं. तिथे मिनिटांत काम करणारं काहीतरी लागतं, आणि ते क्लोरीन. काही चिवट जंतू त्यालाही दाद देत नाहीत, हे कबूल. म्हणून बहुतेकांना मारणारं औषधच काढून टाकायचं का?

"पण काका, डोळे चुरचुरतात, वास येतो!" वास येतो खरा, पण तो बहुतेक वेळा नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जे तयार होतं, त्याचा तो वास. म्हणजे चूक आंघोळ न करता उतरणाऱ्यांची आणि बोल लावायचा क्लोरीनला. क्लोरीन उन्हात उडून जातं, रोज मोजून घालावं लागतं, ही कटकट आहे. तांबं उडून जात नाही. ते साठत जातं, फरशीवर डाग पाडतं, सोनेरी केसांना हिरवी झाक आणतं. यंत्र हवंच असेल तर जोडीला ठेवा. क्लोरीन लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅम आणि पीएच 7.2 ते 7.8, हे मात्र रोज तपासा. पीएच चढला की क्लोरीन असूनही दुबळं पडतं.

आता आमच्याकडचं सांगतो. गेल्या उन्हाळ्यात एका ओळखीच्या शेतकऱ्याने विचारलं, "गुरुजी, बोडी हिरवी झाली, मोरचूद टाकून पाहाचं का?" मी म्हटलं, बापा, त्या बोडीत ढिवरांचे मासे आहेत. शेवाळ मारणारं तांबं माशालाही मारतं आणि उरलेलं गाळात बसतं. तिथे तांबंही नको, क्लोरीनही नको. गोठ्याचं आणि खताचं पाणी बोडीत उतरतं, ते वळव. शेवाळ त्यावरच पोसतं.

विहिरीची गोष्ट उलटी. पावसाळ्यात ब्लिचिंग पावडर टाकली की लोक म्हणतात, "पाण्याले वास येते, नका टाकू." टाकणाराही मग कंटाळा करतो. अरे, हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली पावडर, अर्धा-एक तास थांबायचं, एवढंच तर काम! तो हलका वास म्हणजे राखणदार जागा असल्याची खूण. पोती उघडी ठेवून पावडरीतलं क्लोरीन उडून गेलं असेल, तर मात्र तिचा उपयोग नाही. ओरडायचं असेल तर त्यावर ओरडा. केरळात मेंदूज्वर आणणाऱ्या अमिबाचे रुग्ण वाढले, तेव्हा 2025 साली तिथल्या सरकारने विहिरी आणि टाक्यांत क्लोरीनच टाकलं, तांब्याचे तांबे नाही.

आणि शेवटी ते पुलावरून नाणं टाकणं. पूर्वजांनी नदी शुद्ध करायला तांब्याची नाणी टाकली, असे निरोप मोबाईलवर फिरतात. आताची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत हो! आणि तांब्याची असती तरी एवढ्या मोठ्या वैनगंगेला काय पुरणार? नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते, आणि खाली गोसीखुर्दला पाणी अडलेलं. साचलेल्या पाण्यात मैला आला की शेवाळ आणि जलपर्णी येणारच. त्यावर उपाय एकच, सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडायचं. तो महाग आहे, म्हणून आपण नाणं टाकून हात जोडतो.

पुतण्याला एवढंच सांगितलं, बैठकीत हात वर करण्याआधी आपली नातवंडं त्याच पाण्यात उतरणार आहेत, हे आठव. तो जरा रागावलाय. असो. यंत्राचे पैसे अजून दिलेले नाहीत म्हणे.

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.