ऐतिहासिकाला पाट, रहस्यकथेला उंबरा!

गेल्या वर्षी शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. मी दोन रकाने आखले. पहिल्यात 'उषःकाल', 'स्वामी', 'पानिपत' आणि अशाच काही ऐतिहासिक कादंबऱ्या. दुसऱ्यात बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांच्या रहस्यकथा. यादी परत आली ती दुसऱ्या रकान्यावर तांबडी रेघ घेऊन. शेजारी शेरा होता : 'हलके वाङ्मय'. पहिला रकाना मात्र 'संस्कारक्षम' ठरला होता.

शेरा मारणाऱ्या गृहस्थांना मी विचारले, "यांतले आपण काय वाचले आहे?" ते म्हणाले, "असले काही मी वाचीत नाही." म्हणजे पंचनामा न करताच फाशी!

ऐतिहासिक कादंबरीशी माझे वैर नाही. मी स्वतः त्याच पंक्तीला बसून जेवलेला लेखक आहे. पण वाचकहो, भुयारे, वेषांतरे, फितुरी आणि मध्यरात्री निघणारे खलिते काढून टाकले, तर आमच्या किती ऐतिहासिक कादंबऱ्या उभ्या राहतील? हीच सामग्री पगडी घालून आली की आपण तिला पाट मांडतो, आणि कोट-टोपी घालून आली की तिला उंबऱ्यावरच थांबवतो. हजारावर रहस्यकथा लिहून ज्यांनी वाचनाचा गंधही नसलेल्या घरांत पुस्तक नेले, त्या अर्नाळकरांचे (1906-1996) ऋण मानायला आमच्या विद्वानांची जीभ अजून जड का व्हावी?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. झुंझारची कथा मिटताच पोरालाही कळते, की हे सारे रचलेले होते. ऐतिहासिक कादंबरी मिटल्यावर ते थोरांनाही कळत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत कादंबरीतला संवाद जसाच्या तसा लिहिला. मी गुण कापले, तेव्हा त्याचे वडील भांडायला आले : "एवढ्या मोठ्या पुस्तकात छापले आहे, ते खोटे कसे?"

सिंहगडाचेच पाहा. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी मालुसरे पडले आणि म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असे आपण लहानपणापासून ऐकतो. हरिभाऊ आपट्यांच्या 1903 च्या कादंबरीने तर ते मराठी मनावर कोरलेच. परंतु 1663 च्या शिवाजीमहाराजांच्या पत्रात 'सिंहगड' हे नाव आहे! मृत्यूच्या सात वर्षे आधी नाव कसे आले, हा प्रश्न कोण विचारील? ज्याला रहस्यकथेने तारखा ताडून पाहण्याची खोड लावली आहे, तोच. त्याने तानाजींचे शौर्य तसूभरही कमी होत नाही. कमी होतो तो आपला भाबडेपणा.

मग ऐतिहासिक कादंबऱ्या वाचूच नयेत काय? अवश्य वाचाव्यात. वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, 1772 साली, थेऊरला वारलेले माधवराव पेशवे पाठ्यपुस्तकात चार ओळींचे धनी होते. रणजित देसायांच्या 'स्वामी'ने (1962) ते घरोघरचे माणूस झाले. दोन कागदांमधली मोकळी जागा कल्पनेने भरण्याचा कादंबरीकाराला पुरा अधिकार आहे. ती जागा कोठे सुरू होते, हे ओळखण्याचे काम मात्र वाचकाचे. ते त्याने सोडले, की कादंबरीतल्या कल्पित वाक्यासाठी माणसे एकमेकांची डोकी फोडायला निघतात.

म्हणून या दिवाळीत माझी शिफारस जोडीची आहे. एक 'पानिपत' वाचा, त्यावर एक अर्नाळकर वाचा, आणि पुन्हा 'पानिपत'कडे वळा. या खेपेला विचारा : हे कोणी पाहिले? कोणी लिहून ठेवले? केव्हा? पुस्तकाची गोडी उणावणार नाही, उलट दुणावेल.

ती यादी मी पुन्हा पाठवली आहे. या वेळी रकाना एकच आखला आहे. तांबडी रेघ ओढायचीच असेल, तर आता ती 'उषःकाल'वरूनही ओढावी लागेल!