झिजेल तेवढेच बदलता यावे

गाडीचा पुढचा शॉकअप गेला, तेल गळू लागले, की गॅरेजमध्ये बहुधा एकच उत्तर मिळते: अख्खा स्ट्रट बदला. त्यात मेकॅनिकचा दोष नाही. आजच्या बहुतेक गाड्यांचे स्ट्रट कारखान्यातूनच कायमचे बंद होऊन येतात, त्यामुळे आतले काही काढता-घालता येत नाही. पण ही काही अटळ गोष्ट नव्हे. १९६९ साली बाजारात आलेल्या डॅटसन २४०झेड या स्पोर्ट्‌स कारचे पुढचे सस्पेन्शन वेगळ्या विचाराने बांधलेले आहे. त्यातला झिजणारा भाग तेवढा काढता येतो आणि न झिजणारा जागेवर राहतो. हा विचार केवळ हौशी मंडळींच्या कौतुकाचा विषय राहू नये. आपण विकत घेतो त्या प्रत्येक यंत्राकडून त्याची अपेक्षा धरली पाहिजे.

या गाडीचा पुढचा स्ट्रट म्हणजे एक जाड पोलादी नळी. वर स्प्रिंगची बैठक, खाली चाक ज्यावर फिरते तो स्पिंडल, आणि ब्रेकचा कॅलिपरही त्याच तुकड्याला बोल्ट केलेला. नळीच्या पोटात पिस्टन, त्याचा दांडा, तेल आणि सील. गाडी खड्ड्यातून गेली की स्प्रिंग दबते आणि उसळते. ती उसळी पिस्टन तेलातून ढकलला जाताना जिरते आणि तिची उष्णता होते. वर्षानुवर्षे हे काम करून सील झिजतात आणि तेल गळते. पोलादी नळीला मात्र गंज लागला नाही, तर काही होत नाही. म्हणून दुरुस्तीही तेवढीच असते. स्ट्रट उतरवायचा, स्प्रिंग कॉम्प्रेसरने आवळून धरायची, वरचा नट सोडून ती बाजूला करायची आणि नळीच्या तोंडाचा मोठा नट उघडायचा. जुना पिस्टन आणि काळे पडलेले तेल बाहेर काढून नळी आतून स्वच्छ केली, की नवे बंदिस्त कार्ट्रिज, म्हणजे पिस्टन, तेल आणि सील असलेला तयार संच, आत सरकवायचे. त्याआधी नळीत थोडे तेल ओतायचे, कारण कार्ट्रिज आणि नळी यांच्यामध्ये नुसती हवा राहिली तर उष्णता बाहेर पडत नाही आणि नवा भागही तापून लवकर निकामी होतो. हेच दुसऱ्या बाजूलाही करायचे. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली, तर ब्रेक लावताना आणि वळणावर दोन्ही चाके सारखी वागत नाहीत.

वात जळते, समई राहते, असा हा हिशेब आहे. आणि तो नुसत्या काटकसरीचा नाही. झिजलेला शॉकअप चाकाला रस्त्यावर टेकवून ठेवू शकत नाही. चाक उड्या मारते, टायर ठिकठिकाणी खाल्ला जातो आणि खराब रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते. दुरुस्ती महाग आणि अवघड केली की लोक ती पुढे ढकलतात, आणि त्याची किंमत रस्त्यावरच्या इतरांनाही मोजावी लागते. शिवाय नळीचा आतला व्यास आणि लांबी जुळली की मूळ निर्मात्याखेरीज इतरही कार्ट्रिज बनवू शकतात. जपानची केवायबी आणि नेदरलँड्‌सची कोनी यांनी तशी बनवलीही. १९७८ मध्ये या गाडीच्या मालिकेचे उत्पादन थांबले, तरी गाड्या चालत राहिल्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात खुद्द डॅटसनची निर्माती कंपनी निसानने अमेरिकेत जुन्या २४०झेड विकत घेऊन, पूर्ण दुरुस्त करून डीलरांमार्फत पुन्हा विकल्या. आतून उघडता न येणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत हे जमणे फार कठीण होते.

यावर पहिला आक्षेप वेळेचा आणि सुरक्षेचा. स्प्रिंग आणि वरच्या माउंटसह तयार मिळणारा स्ट्रट पटकन बसतो. उलट आवळलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचा जीव जाऊ शकतो. हे दोन्ही खरे आहे. पण धोक्यावरचा उपाय म्हणजे चांगले अवजार, प्रशिक्षण आणि सर्वांना उपलब्ध असलेले सर्व्हिस मॅन्युअल. यंत्राला कायमचे कुलूप घालणे हा उपाय नव्हे. उघडता येते म्हणजे प्रत्येकाने घरी उघडलेच पाहिजे असे नाही. ज्याला घाई आहे त्याने तयार स्ट्रट जरूर घ्यावा, मात्र दुसरा मार्ग बंद नसावा. तयार स्ट्रटची सोय पुरवठा चालू आहे तोवरच टिकते. मॉडेल बंद पडले की एका झिजलेल्या सीलपायी उरलेले धडधाकट लोखंडही भंगारात जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुन्या गाड्यांत एअरबॅग नाहीत, धूर जास्त, मग त्यांचे आयुष्य वाढवायचेच कशाला? रोजच्या वापरातली जुनी गाडी प्रदूषणाच्या आणि सुरक्षेच्या कसोटीवर नापास झाली तर ती थांबवावीच. पण तो निर्णय धुराने आणि ब्रेकने ठरावा, सुटा भाग मिळत नाही म्हणून ठरू नये. आणि येथे खरा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीचा नाही, आज शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीचा आहे. तिचे आयुष्य किती, हे आजच तिच्या रचनेत ठरते आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्‌स राज्यात २०१२ साली मतदारांनी मोठ्या बहुमताने वाहनदुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना खुली करायला लावली. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केले. त्यात शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे यांबरोबर वाहनेही आहेत. सुरुवात चांगली आहे, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कायद्याने दोन गोष्टी सांगायला हव्यात: मॉडेल बंद झाल्यावरही ठरावीक वर्षे सुटे भाग आणि मॅन्युअल मिळालेच पाहिजे, आणि जो भाग झिजणार हे निर्मात्याला आधीच ठाऊक आहे तो स्वतंत्रपणे बदलता आला पाहिजे. मोटारसायकलच्या फोर्कचे ऑइल सील आपल्याकडे कोपऱ्यावरचा मेकॅनिक रोज बदलतो. कौशल्य येथे आहेच. ते वापरायला वाव राहील अशी रचना देणे ही कंपन्यांची जबाबदारी आहे, आणि खरेदीआधी तिची विचारणा करणे ही आपली.