आर्सेनिकचे पाणी आणि शंभर पावलांवरचा हापसा

महाबोधी महाविहाराच्या मुक्ती आंदोलनामुळे २०२५ मध्ये महाराष्ट्रातले बौद्ध उपासक-उपासिका आणि कार्यकर्ते मोठ्या संख्येने बिहारला जाऊन आले. बोधगया झाली की राजगीर, नालंदा आणि मग गंगा ओलांडून वैशाली, हा आपल्या धम्मसहलींचा ठरलेला रस्ता. बसमध्ये पाण्याच्या बाटल्यांचे खोके असतात आणि सहल नेणारे दादा बजावून सांगतात, ‘चापाकलाचं पाणी पिऊ नका, पोट बिघडेल.’ चापाकल म्हणजे आपला हापसा.

सूचना बरोबरच आहे, पण पोटापेक्षा मोठे कारण कुणी सांगत नाही. वैशाली, पाटणा, भोजपूर, बक्सर, सारण, समस्तीपूर, बेगुसराय, भागलपूर या गंगेकाठच्या जिल्ह्यांत अनेक हापशांच्या पाण्यात आर्सेनिक आहे. आपण दोन दिवसांत परत निघतो. तिथला माणूस तेच पाणी वीस-तीस वर्षे पितो.

आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी नितळ दिसते. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. तुरटी फिरवून, क्लोरीन टाकून, साध्या कँडल फिल्टरमधून गाळूनही त्यावर भरवसा ठेवता येत नाही. पाच-दहा वर्षे, कधी त्याहून जास्त काळ गेल्यावर अंगावर पावसाचे थेंब पडल्यासारखे काळे-पांढरे डाग येतात, तळहात-तळपाय खरखरीत होऊन त्यावर गाठी येतात. पुढे त्वचा, फुप्फुस, मूत्राशय यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. डाग दिसले की लोकांना महारोग वाटतो. मग मुलीचे लग्न अडते, हाताला काम मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. भारतात बरीच वर्षे ५० पर्यंत चालवून घेतले गेले. आता आपले मानकही १० चेच आहे.

हे विष तिथे आले कसे? हिमालयातले खडक झिजून नद्यांनी हजारो वर्षे गाळ आणला. त्या गाळाच्या कणांवर लोहाचा पातळ थर असतो आणि त्याला आर्सेनिक चिकटलेले असते. जमिनीखाली जिथे कुजलेला पालापाचोळा आहे आणि प्राणवायू पोहोचत नाही, तिथले सूक्ष्मजीव तो लोहाचा थर विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात सुटते. त्यामुळे फार खोल नसलेले हापसे, म्हणजे साधारण पन्नास-साठ मीटरच्या आतले, सर्वांत धोक्याचे. खूप खोल गेलेली कूपनलिका बहुधा बरी. आणि जुनी उघडी विहीरही या बाबतीत बहुधा बरी, कारण तिच्या पाण्याला हवा लागते. तिच्यात जंतू असतील, पण आर्सेनिक सहसा कमी.

आता ही गोष्ट आपल्या नजरेने पाहा. गावची विहीर कुणाची होती? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्या हक्कावर उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. खेड्यापाड्यात तर विहिरीवरचा अपमान त्यानंतरही संपला नाही. ज्या गोष्टीने तो रोजचा अपमान थोडा तरी टळला, ती होती वस्तीतला हापसा. कुणापुढे हात पसरायचे नाहीत, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळायचे नाही, आपल्या दारात आपला दांडा. महाराष्ट्रातल्या बौद्धवाड्यांतल्या आयाबायांना विचारा, हापसा आला तो दिवस त्यांना आठवतो. बिहारमध्ये तर हापसा हेच पाणी झाले: २०११ च्या जनगणनेत तिथल्या दहापैकी आठहून अधिक घरांचे पिण्याचे पाणी हापशाचे होते.

ज्या साधनाने विहिरीच्या मालकापासून सुटका केली, त्याच साधनाने जमिनीखालचे विष वर आणले. यात कुणाचा कट नव्हता. बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्येही नळकूप बसवले गेले ते पटकी आणि जुलाबाने मरणारी मुले वाचवायला. पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी कोलकात्यात पहिले रुग्ण ओळखले. बिहारमध्ये हा प्रश्न २००२ मध्ये भोजपूर जिल्ह्यातल्या सेमरिया ओझा पट्टी या गावी उघड झाला. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गावातले २०६ नळकूप, म्हणजे जवळपास सगळेच, तपासले. निम्म्याहून अधिक नळकूपांत ५० मायक्रोग्रॅमच्या वर आर्सेनिक निघाले आणि दर पाचांतल्या एकात ३०० च्या वर.

गावाचे नाव लक्षात घ्या. ओझा म्हणजे ब्राह्मण. आर्सेनिक जात विचारत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे; प्रत्येक प्रश्नात ‘फक्त आपल्यावरच अन्याय’ असे म्हणून चालत नाही. जात शिरते ती विष सापडल्यानंतर, उपाय करताना.

याचे कारण आर्सेनिकच्या स्वभावातच आहे. ते गावभर सारखे पसरलेले नसते. एका हापशात २०० निघते आणि शंभर पावलांवरच्या हापशात ५. म्हणून सगळ्यात स्वस्त आणि लगेच करता येणारा उपाय असा, की प्रत्येक हापसा तपासायचा, वाईट हापशाला लाल रंग द्यायचा, चांगल्याला हिरवा आणि लोकांनी शेजारच्या हिरव्या हापशावरून पिण्यापुरते पाणी आणायचे. बांगलादेशाने २००० नंतरच्या काही वर्षांत सुमारे ५० लाख नळकूप असे तपासून रंगवले. अनेक कुटुंबांनी पाण्याची जागा बदललीही. हिरवा हापसा जवळ असला की लोक जातात, दूर असला की जात नाहीत, असा तिथला अनुभव.

भारतात ‘जवळ’ म्हणजे किती? पावलांनी मोजायचे की जातीने? शाह, मंदेर, थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी केली. २००६ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या या पाहणीत जवळपास निम्म्या गावांत दलितांना पाण्याच्या जागी मज्जाव असल्याचे आढळले. अशा देशात मुसहर टोल्यातला हापसा लाल आणि शंभर पावलांवरचा हिरवा हापसा दुसऱ्याच्या अंगणात, असे निघाले तर काय होणार हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. बिहारमधले बहुतेक हापसे खासगी आहेत. ते कायद्यासमोर कुणाच्या अंगणातली वस्तू आहेत, सार्वजनिक पाणवठा नाहीत. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत पेटलेला तंटा मांडला. तो तंटा निदान दोन बरोबरीच्या बाजूंचा होता.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. २०१७ मध्ये आर्सेनिक आणि फ्लोराइडच्या २७,५४४ वस्त्यांसाठी केंद्राने खास मोहीम काढली, २०१९ पासून जलजीवन मिशन आहे, बिहारची स्वतःची ‘हर घर नल का जल’ योजना त्याआधीची. नळ हाच टिकाऊ उपाय, यात वाद नाही. पण मोटर जळली, वीज गेली, की माणूस परत दारातल्या हापशाकडेच वळतो, आणि त्या हापशाची तपासणी कुणीच केलेली नसते. पश्चिम बंगालमध्ये हापशांना जोडलेली आर्सेनिक काढणारी बरीच यंत्रे देखभालीअभावी निकामी झाली. शिवाय गाळणीतून निघालेला आर्सेनिकचा गाळ टाकायचा कुठे, हा प्रश्न उरतोच. २०२३ च्या अखेरीस जलशक्ती मंत्रालयाच्या उत्तरातून संसदेत आलेला आकडा असा: २५ राज्यांतल्या २३० जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात मर्यादेबाहेर आर्सेनिक. ‘काही भागांत’ या शब्दांतच सगळे आहे. कोणत्या भागांत, कोणत्या टोल्यात, कोणत्या हापशात, हे जिल्ह्याच्या आकड्यातून कळत नाही.

इथपर्यंत ‘हे निसर्गाचेच आहे’ असे म्हणता येते. आता कर्नाटकात या, सोलापूरपासून फार लांब नाही. यादगीर जिल्ह्यातल्या सुरपूर भागात किरदळ्ळी तांडा आहे. वस्ती लंबाणी समाजाची. हा समाज कर्नाटकात अनुसूचित जातींत आहे, आपल्याकडे बंजारा म्हणून विमुक्त जातींत. जवळच मंगळूर इथे सोन्याची जुनी खाण होती. (हे किनाऱ्यावरचे मंगळूर नव्हे.) सोन्याच्या खडकात आर्सेनोपायराइट नावाचे खनिज असते, त्यात लोह, गंधक आणि आर्सेनिक. खडक खोल जमिनीत असतो तोवर ते बऱ्यापैकी बंदिस्त राहते. खडक दळून, सोने काढून उरलेला भुगा उघड्यावर टाकला, की हवा-पावसाने ते खनिज विघटते आणि आर्सेनिक माती-पाण्यात उतरते.

चक्रवर्ती यांच्या चमूने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या परिसरातल्या ५९ कूपनलिकांपैकी ७९ टक्क्यांत आर्सेनिक १० मायक्रोग्रॅमच्या वर होते, सर्वाधिक ३०३. तपासलेल्या १८१ जणांपैकी निम्म्याहून अधिकांच्या त्वचेवर आर्सेनिकच्या खुणा होत्या. आणि वरच्या मातीच्या बारा नमुन्यांपैकी सहांत किलोमागे २,००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक. खाणीच्या टाकाऊ भुग्याचा हा परिणाम असू शकतो, असे संशोधकांनी जपून म्हटले. जपून म्हणण्याला कारण आहे: त्या भागाच्या खडकातही आर्सेनिक आहेच. किती खडकाचे आणि किती खाणीचे, हे वेगळे करून दाखवणे कठीण असते आणि नेमका याच कठीणपणाचा फायदा घेतला जातो. निसर्गाने केले म्हटले की भरपाई नाही, गुन्हा नाही, जबाबदार माणूस नाही.

माणसाच्या हातचे असले तरी जबाबदारी चिकटतेच असे नाही. बांगलादेशातल्या एका ग्रामस्थाने ब्रिटिश भूगर्भशास्त्र संस्थेवर इंग्लंडमध्ये दावा लावला होता, कारण तिने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाण्याचा अभ्यास करताना आर्सेनिक तपासलेच नव्हते. २००६ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने दावा फेटाळला. त्या लोकांप्रती संस्थेचे तसे कर्तव्यच नव्हते म्हणे. जे तपासले नाही, त्याची जबाबदारी नाही. हे वाक्य आपल्याला जातिगणनेच्या वादापासून ओळखीचे आहे.

महाराष्ट्रात आर्सेनिक हा मोठा प्रश्न नाही, उगाच घबराट नको. आपल्या विदर्भ-मराठवाड्यात नायट्रेट आणि काही भागांत फ्लोराइड हे आधीचे शत्रू आहेत. पण कोळशाच्या राखेत आर्सेनिक असते आणि चंद्रपूर-नागपूरकडे राखेचे ढिगारे आहेत. तिथल्या आपल्या वस्त्यांच्या पाणी तपासणीत आर्सेनिकचा रकाना असतो का, एवढे तरी आपल्याला माहीत हवे.

आपल्या तरुणांना यात काम आहे, आणि ते निवेदनांपुरते नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचे प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. त्या पाचांत आपल्या वस्तीची कुणी आहे का, हे पाहा. वस्तीच्या हापशाचा नमुना कधी घेतला, कोणत्या प्रयोगशाळेत गेला, कोणते घटक तपासले, हे माहिती अधिकारात वस्तीच्या नावासह मागा. गावाचा एकच अहवाल दिला तर परत मागा. खाणीच्या जिल्ह्यांत २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा जमतो, पिण्याचे पाणी त्यात अग्रक्रमाचा विषय आहे आणि त्या पैशातून सभागृहे, रस्ते, सुशोभीकरणही होते. चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, यवतमाळच्या कार्यकर्त्यांनी या खर्चाच्या याद्या काढून पाहिल्या, तर पाणी तपासणीवर किती गेले ते कळेल.

आणि बिहारला पुन्हा जाणारच आहोत, महाविहाराचा लढा संपलेला नाही. आपले भन्ते आणि कार्यकर्ते तिथे ज्या स्थानिक बौद्ध आणि दलित वस्त्यांत उतरतात, तिथल्या दहा-वीस हापशांचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत देणे एका बसच्या वर्गणीतून होण्यासारखे आहे. रंगाचे डबे लाल आणि हिरवे, दोन्ही न्यावे लागतील. कुठला हापसा हिरवा निघतो आणि तो कुणाच्या अंगणात आहे, हे त्या यादीत पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा.