डिस्टिलरीच्या कामाला गुळव्या एकच हवा



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आपल्या डिस्टिलरीच्या उभारणीचा विषय येत आहे. यंत्रे कोणाची, कर्ज कोणत्या बँकेचे, यावर गावोगावच्या पारावर चर्चा चालू आहे. ती व्हावीच. पण हे काम अंगावर घेऊन तडीस नेणारा माणूस कोण, असे विचारणारा सभासद आम्हांला अजून भेटला नाही. आमच्या मते पहिला प्रश्न हाच आहे.

डिस्टिलरी म्हणजे गोदाम नव्हे, की चार भिंती उभारल्या, पत्रे टाकले आणि झाले. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. ते काळे पाणी विहिरींत उतरले, तर शिवार बाद. म्हणून तर सन २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी हाती येण्याआधी जागेला कुंपण घालण्यापलीकडे काही बांधता येत नाही. चालवण्यापूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. बॉयलरला बाष्पके संचालनालयाची तपासणी, टाक्यांना स्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना, शिवाय राज्य उत्पादन शुल्क खाते आहेच. एक कागद अडला, की उभी यंत्रे नुसती बघत बसायचे. बँकेचे व्याज काही थांबत नाही, आणि ते शेवटी आपल्याच उसाच्या बिलातून जाते.

एका कारखान्यात आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. टाक्यांची जागा मंजूर नकाशात ठरलेली. एक संचालक म्हणाले, इथे नको, पलीकडे घ्या. इंजिनियर बिचारा गप्प बसला. टाक्या पलीकडे बांधल्या, तपासणीत अडकल्या, पुन्हा नकाशे, पुन्हा हेलपाटे. सगळे वरातीमागून घोडे! अख्खा हंगाम गेला, आणि जबाबदार कोण म्हणून विचारले तर कोणीच नाही.

आपल्या गुऱ्हाळावर असे चालते का? ऊस मालकाचा, जळण मालकाचे, पण काहील कधी उतरवायची ते गुळव्याच सांगतो. मालक मध्ये बोलत नाही. गूळ बिघडला तर जाब मात्र गुळव्यालाच विचारतो.

कोकण रेल्वेचे उदाहरण घ्या. १९९० साली महामंडळ निघाले आणि धुरा ई. श्रीधरन यांच्या हाती दिली. मार्ग सुमारे ७४० किलोमीटरचा. गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात ओली माती पुन:पुन्हा ढासळली, ठरलेली मुदत हुकली. पण म्हणून दर सहा महिन्यांनी माणूस बदलला नाही. जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. रेल्वेलाही सुरक्षा आयुक्तांच्या मंजुरीवाचून नव्या मार्गावर प्रवासी नेता येत नाहीत. नियम तिथेही कडकच आहेत.

आमचे म्हणणे असे. संचालक मंडळाने धोरण ठरवावे, अंदाजपत्रक मंजूर करावे आणि हिशेब घ्यावा. प्रकल्पप्रमुख एकच, अनुभवी आणि मुलाखतीतून निवडलेला असावा. परवाने आणि बांधकाम दोन्हींची जबाबदारी त्याच्याकडे असावी, खर्चाचे ठरावीक अधिकार त्याला लेखी द्यावेत. काम कुठवर आले, कोणता परवाना कुठे अडला, याचा अहवाल त्याने दरमहा प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर लावावा.

सरकारी धोरण आपल्या हातात नाही. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधन घातले आणि पुढच्या हंगामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये उठवले. त्यात आपण आपल्या हाताने उशिराची भर का घालावी?

आणि आता थोडे आपल्याविषयी. भाच्याला वाळूचा ठेका, पुतण्याला नोकरी, म्हणून संचालकांच्या दारात जाणारे आपणच ना? प्रकल्पप्रमुखाचे हात मोकळे ठेवायचे, तर हा मोह आधी आपण सोडला पाहिजे. सभेला या, माणूस कोण ते विचारा, आणि एकदा नेमला की त्याला काम करू द्या.