बटण कुणाच्या हाताचं?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस सुरतेला मावशीकडे राहून आले. मावशीचं घर गोडादऱ्यात. लिंबायत, डिंडोली, उधना, गोडादरा हा सुरतेचा आग्नेयेकडचा पट्टा म्हणजे निम्मा खानदेशच. सुरत-भुसावळ रेल्वेनं नंदुरबार, धुळे, जळगावकडची माणसं पोटापाण्यासाठी इकडं आली आणि इथलीच झाली. आमची मावशी मात्र त्यांतली नव्हे. ती बेळगावच्या वडगावची, विणकराच्या घरातली. काकांचा हातमाग बसला तसे ते सुरतेच्या पॉवरलूमवर गेले आणि मागोमाग मावशी गेली. आज काका नाहीत. मुलगा कापड बाजारात कामाला आहे, सून खानदेशची. मावशी देवाशी कन्नडमध्ये बोलते, सुनेशी मराठीत. सून माहेरच्या माणसांशी अहिराणीत, शेजारीण गुजरातीत आणि नातू सगळ्यांशी हिंदीत. सीमाभागातल्या आपल्या घरांत दोन भाषा नांदतात याचं आपल्याला कौतुक असतं. तिथं पाच नांदतात.

मी घरात पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा नजरेत भरल्या त्या बटणांवर चिकटवलेल्या पट्ट्या. प्रत्येक स्विचबोर्डावर एका बटणावर पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर नातवाच्या अक्षरात 'बंद करू नये'. मावसभावानं दिवाळीच्या सेलमध्ये पाच स्मार्ट बल्ब घेतले होते. रंग बदलणारे, फोनवरून लागणारे, बोलून मालवता येणारे. या बल्बांना भिंतीवरचं बटण कायम चालू लागतं, कारण त्यांच्या पोटात एक छोटा रेडिओ असतो आणि त्याला सतत वीज हवी. बटण बंद केलं की बल्ब बहिरा होतो. फोनवर कितीही बोटं मारा, ऐकत नाही.

आता मावशीचा आयुष्यभराचा नियम असा, की खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायचं. वीज फुकट जाता कामा नये. तिनं पट्ट्या काढल्या, नातवानं परत लावल्या. हे चार महिने चाललं. हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण एका रात्री मावशी पडली.

झालं असं. बोळातला बल्ब भावानं झोपण्यापूर्वी फोनवरून बंद केला होता. बटण चालूच होतं. पहाटे तीनच्या सुमारास मावशी न्हाणीघराकडं जायला उठली, सवयीनं बटण दाबलं. चालू असलेलं बटण बंद झालं. दिवा अर्थातच लागला नाही. पुन्हा एकदा दाबलं असतं तर लागला असता, पण हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती अंधारात चाचपडत पुढं गेली आणि न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळली. हाड मोडलं नाही ही देवाची कृपा, पण गुडघा पंधरा दिवस सुजलेला होता. मला सांगताना म्हणाली, "दिवा शहाणा झाला गं, मीच येडी ठरले."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या घरात येडं ठरवणारा दिवा शहाणा कसा? मग एका दुपारी वही घेऊन भाऊ, वहिनी, नातू आणि मी घरभर फिरलो. प्रत्येक दिव्याखाली उभं राहून तीनच प्रश्न विचारले. हा दिवा कोण लावतं? कधी लावतं? कशासाठी लावतं? बल्ब विकत घ्यायच्या आधी हे प्रश्न विचारले असते तर निम्मे पैसे वाचले असते.

बोळ आणि न्हाणीघर मावशीचं, वेळ रात्रीची. तिथं फोन नको, इंटरनेट नको, बटणही नको. माणसाची चाहूल लागताच पेटणारा सेन्सरचा साधा दिवा पुरतो. अंगाची ऊब हलली की त्याला कळतं, मिनिटभरानं तो आपोआप मालवतो. तो गुडघ्याच्या उंचीवर लावला, म्हणजे उजेड डोळ्यांवर न येता फरशीवर आणि उंबऱ्यावर पडतो. रंग पिवळसर ठेवला. खोक्यावर २७०० किंवा ३००० के लिहिलेलं असतं तो पिवळसर, ६५०० के म्हणजे पांढरा, निळसर झाक असलेला. रात्री उठल्यावर पांढरा झगझगीत उजेड डोळ्यांवर आला की झोप उडते. एक मर्यादा मात्र सांगायला हवी. भर उन्हाळ्यात हवाच अंगाइतकी तापली की या सेन्सरला माणूस आणि भिंत यांतला फरक नीट कळत नाही. म्हणून तो वाटेपासून फार दूर बसवू नये.

हॉल आणि स्वयंपाकघर सगळ्यांचं. तिथले स्मार्ट बल्ब काढले आणि साधे एलईडी परत लावले. शहाणपण हवंच असेल तर ते बल्बमध्ये न घालता बटणामागं घालावं. काडेपेटीएवढं एक मॉड्यूल मिळतं, ते स्विचबोर्डाच्या आत, बटणाच्या मागं बसतं. मग भिंतीवरचं बटणही चालतं आणि फोनही. इंटरनेट गेलं तरी बटण काम करतं. बटणं तीच आणि दिवेही तेच, त्यामुळं पाहुण्याला काही शिकवावं लागत नाही. फक्त 'बटण खाली म्हणजे दिवा चालू' हा नियम सुटतो, कारण फोनवरून बंद केलेला दिवा बटणाच्या पुढच्या खटक्याला लागतो, मग ते वर असो की खाली. पण दाबलं की काहीतरी घडतं, आणि मावशीला तेवढं पुरेसं होतं.

या मॉड्यूलला बहुधा न्यूट्रलची वायर लागते. आपल्याकडं ज्या बोर्डावर प्लगचा सॉकेट असतो तिथं ती आलेलीच असते. जिथं नुसतं एकच बटण आहे तिथं नसण्याची शक्यता जास्त. जिन्याचा दिवा वरून आणि खालून दोन बटणांवर चालत असेल तर त्याची जोडणी वेगळी, वायरमनला आधी सांगावं. आणि हे काम वायरमनचंच आहे. मेन स्विच खाली पाडल्याशिवाय बोर्ड उघडू नये. गिझर किंवा पाण्याची मोटर दिव्याच्या मॉड्यूलवर घालू नये, पंख्यासाठीही वेगळं येतं.

तिसरी जागा वहिनीची, आणि मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते तिथंच. गोडादऱ्यात बऱ्याच घरांतल्या बायका साड्यांवर खडे, टिकल्या आणि लेस लावण्याचं काम घरी आणतात. वहिनीही दुपारी आणि रात्री ते करते. एकदा नातवानं खेळता खेळता तिथला रंगीत बल्ब किंचित गुलाबीवर ठेवला होता. वहिनीनं त्या उजेडात दोरा जुळवला, सकाळी उन्हात पाहिलं तर साडी एका रंगाची आणि दोरा दुसऱ्याच. दोन साड्या उसवाव्या लागल्या, त्या दिवसाची मजुरी बुडाली. वडगाव-खासबागच्या, रबकवी-बनहट्टीच्या, इचलकरंजीच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. रंगाचं काम करणाऱ्याच्या डोक्यावर रंग बदलणारा दिवा नसावा. तिथं ठरलेला, स्थिर, पांढरा उजेड हवा आणि खोक्यावर 'सीआरआय' ९० किंवा अधिक असावा. सूर्यप्रकाशाला १०० मानून दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा हा आकडा. साध्या बल्बांचा बहुतेक ८० च्या आसपास असतो.

राहिले पाच रंगीत बल्ब. एक नातवाच्या खोलीत गेला. तिथं त्याचं कौतुक आहे आणि अभ्यासाला पांढरा, झोपताना पिवळा असा उपयोगही आहे. एक गॅलरीत लावला, सूर्यास्ताला लागेल आणि अकराला मालवेल असा. सुरतेत डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वासात उलटून जातात. ते गणित ॲप रोज स्वतः करतं. दिवेलागणीला घरी कुणी नसलं तरी दारात उजेड असतो. उरलेले तीन दिवाळीसाठी खोक्यात.

जोडणी करताना आलेल्या दोन अडचणी लिहून ठेवते, कारण त्या तुमच्याही घरी येतील. बल्ब भराभर लुकलुकतो म्हणजे तो जोडणीला तयार आहे. तसं होत नसेल तर बटण तीन-चार वेळा चालू-बंद करायचं. तरी जोडला जाईना. तासभर गेल्यावर नातवाला उलगडलं, की हे बल्ब बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात आणि फोन ५ वर होता. राउटरवर दोन्हींना वेगळी नावं दिली आणि मिनिटात काम झालं. दुसरी अडचण त्याच रात्री. वीज गेली आणि दीडला आली, तर नातवाच्या खोलीतला आणि गॅलरीतला बल्ब पूर्ण तेजात पेटले. सगळं घर जागं! वीज परत आल्यावर बल्बनं काय करावं याची सोय ॲपमध्ये असते. तिथं 'पूर्वी होता तसा' हा पर्याय निवडावा.

आणि एक. घरातले सगळे दिवे एकट्या मुलाच्या फोनात कोंडून ठेवू नयेत. तो ड्यूटीवर गेला की घर अडतं. ॲपमध्ये घरच्या दुसऱ्या माणसांना सामील करून घेता येतं. राउटरचा कंपनीनं दिलेला पासवर्डही त्याच बसण्यात बदलावा.

"वीज तरी वाचते का गं?" मावशीनं विचारलं. मी वहीवर हिशेब मांडला. जुना ६० वॅटचा बल्ब रोज सहा तास जळला तर महिन्याला जवळजवळ ११ युनिट. ९ वॅटचा एलईडी तेवढाच वेळ लावला तर दीड युनिटाच्या थोडं वर. खरी बचत इथंच झाली. २०१५ च्या जानेवारीत केंद्राची 'उजाला' योजना सुरू झाली, स्वस्तात एलईडी घरोघर गेले, तेव्हाच आपण ती पदरात पाडून घेतली. स्मार्ट बल्ब त्यात फार भर घालत नाही. उलट मालवलेला असतानाही तो अर्धा वॅट खात राहतो, महिन्याला सुमारे ०.३६ युनिट. आणि किंमत साध्याच्या पाच-सहा पट. तेव्हा बिलासाठी घेत असाल तर घेऊ नका. कुणाची तरी गरज भागते म्हणून घ्या.

बोलण्यावर दिवा लावणारं यंत्रही त्या घरात आहे. आम्ही त्याच्यावर हिंदी लावली होती. मावशी एका संध्याकाळी त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्या आतल्या बाईला म्हणाली, "दीपा हच्चव्वा!" यंत्रानं हिंदीत माफी मागितली. नातू हसून लोळला. मावशी म्हणाली, "बिचारीला कन्नड येईना. शिकंल हळूहळू." मग आम्ही दिव्यांना नावं दिली. 'बोळ' म्हटलं तर ते 'बॉल' ऐकायचं. 'गॅलरी' मात्र सगळ्या भाषांत गॅलरीच निघाली.

मला मात्र त्या वेळी दुसरंच सुचलं. मराठीत आपण दिवा 'विझव' म्हणत नाही, शांत कर म्हणतो, मालव म्हणतो. कन्नडमध्येही जुनी माणसं 'दीप शांत माडु' म्हणतात. दिव्याशी अदबीनं बोलायची ही रीत दोन्ही भाषांत आहे. यंत्राला 'ऑफ' एवढंच कळतं. म्हणून देवघराच्या दिव्याला आम्ही हातच लावला नाही. तिथं जुनंच बटण आहे, खाली समई आहे आणि ती मावशीच लावते. कोपऱ्यात कंदीलही आहे, काच पुसलेला. २००६ च्या ऑगस्टात तापीला महापूर आला तेव्हापासून ती तो तेल घालून तयार ठेवते. कुणी हसलं तरी काढत नाही, आणि मलाही तो काढावासा वाटला नाही.

बेळगावला परत आल्यावर माझ्या घरी मी एकच बदल केला. सासूबाईंच्या खोलीपासून न्हाणीपर्यंत सेन्सरचे दोन दिवे लावले, बाकी सगळं होतं तसं ठेवलं. तुमच्या घरी हे सामान आणायचं घाटत असेल तर दुकानात जाण्याआधी एक करा. रात्री तीनला घरात कोण उठतं ते आठवा आणि त्या माणसाला विचारून घ्या, बटण कुठं हवं.

परवा मावशीचा फोन आला होता. गुडघा बरा आहे. बटणांवरच्या पट्ट्या गेल्या. "बोळातला दिवा आपसूक लागतो की गं," म्हणाली, "रात्री एकटीच असते, तरी लागला की हात जोडते." मग थोडं थांबून म्हणाली, "पण मालवतो तेव्हा कुणी काही म्हणत नाही त्याला. तेवढं बरं वाटत नाही बघ."