जुन्या आवृत्तीकडे परतण्यापूर्वी

संपादक महाशय,

'एनव्हीडीए' या विनामूल्य स्क्रीन रीडरची नवी आवृत्ती काढून सर्वांनी जुनीच बसवावी, हा गतांकातील पत्रलेखकांचा सरसकट हुकूम मला मान्य नाही. दरवर्षीच्या पहिल्या आवृत्तीत जुने अ‍ॅड-ऑन बहुधा निकामी होतात, ही त्यांची तक्रार रास्त आहे. विंडोज ७ वापरणाऱ्यांस तर २०२३.३ च्या पुढे जाताच येत नाही, कारण २०२४.१ लाच किमान विंडोज ८.१ लागते. परंतु इतरांनी, विशेषतः तंत्रज्ञासाठी बेळगाव गाठावे लागणाऱ्या आम्हां जांबोटीकरांनी, संगणकावरील जुन्या आवृत्तीस हात न लावता नवीची पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती मराठी मजकुरावर आधी पारखावी. लॉगिनच्या वेळी ही प्रत मुकी राहते, एवढे ध्यानात असू द्यावे.

आपला,
एक अंध वाचक
जांबोटी, ता. खानापूर