बिलाचे पैसे आणि घरातला संगणक

उसाचे बिल बँकेत जमा झाले की तालुक्याच्या पेठेत गर्दी वाढते. पूर्वी ही गर्दी भांड्यांच्या नि कापडाच्या दुकानांत असे, मग मोटारसायकली आल्या, आता पोरांचा हट्ट संगणकाचा असतो. हट्ट वावगा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण बैल घेताना दात मोजणारे आपण सभासद, संगणक घेताना मात्र दुकानदार सांगेल त्याला मान डोलावतो, हे काही बरे नव्हे.

पहिला प्रश्न, त्यावर काम काय करणार? सहकारात या प्रश्नाची परीक्षा एकदा झालेली आहे. १९९८ साली वारणानगरच्या कारखान्याच्या परिसरातील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे काढण्याची योजना निघाली. खर्चाचा निम्मा भार केंद्राने, ४० टक्के राज्याने आणि १० टक्के वारणेने उचलायचा असे ठरले. पीकसल्ला, बाजारभाव, सरकारी दाखले, सगळे गावात मिळावे हा हेतू. प्रत्यक्षात शेतकरी मुख्यतः विचारी ते एवढेच : माझा ऊस किती टन गेला, नावावर खत किती पडले, बिल किती निघाले. त्यासाठीचा कारखान्याचा हेलपाटा वाचला, हे लहान काम नव्हे. परंतु यंत्रे जुनी होत गेली, विजेच्या लपंडावात बिघडू लागली, सांभाळण्याचा खर्च अंगावर येऊ लागला. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने ७ गावांत तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिले. भागले की!

म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की ज्या घरात फक्त वजन, बिल, सातबारा नि अनुदानाचा अर्ज एवढेच बघायचे आहे, त्या घराने संगणक घेऊ नये. खिशातला मोबाइल पुरतो. उरलेल्या पैशात ठिबकची नळी बदलावी.

मात्र मुलगी कॉलेजात असेल, कुणी हिशेबनिसाचे किंवा नकाशाचे काम शिकत असेल, डेअरीचा जमाखर्च घरी लिहायचा असेल, तर संगणक जरूर घ्या. मग टेबलावरचा घ्यावा की लॅपटॉप? रोज पुण्या-कोल्हापूरला न्यायचा नसेल तर टेबलावरचाच. त्याचा एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता येतो, कीबोर्डवर चहा सांडला तर नवा कीबोर्ड थोडक्यात येतो. लॅपटॉपचे तसे नाही.

आता विजेचे. संध्याकाळी डीपीवरच्या मोटारी सुरू झाल्या की दिवा कसा मिचमिचतो ते कुणाला सांगायला नको. अशा लाईटवर उघडा संगणक लावणे म्हणजे पैसे पाटात सोडणे. आधी घराचे अर्थिंग तपासून घ्या. यूपीएस घ्याच. त्याचे काम तासभर चालवणे नव्हे. लाईट गेल्यावर केलेले काम जतन करून मशीन नीट बंद करायला दहा मिनिटे मिळाली की बास. दुकानदार जास्त भारी प्रोसेसर गळ्यात मारत असेल तर तो नाकारून तेच पैसे यूपीएसला घाला.

आतल्या सामानात दोनच गोष्टी बघाव्यात. रॅम ८ जीबीपेक्षा कमी नको, जमल्यास १६. आणि साठवणीला जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी हवी. मशीन सुरू व्हायला लागणारा वेळ यानेच खरा कमी होतो. रंगीत दिव्यांच्या डब्याला काडीचा अर्थ नाही.

एक प्रकार हल्ली फार वाढलाय. मुंबईला नाहूर-मुलुंडकडे राहणारे भाचे-पुतणे ऑफिसात बदललेली जुनी मशीने स्वस्तात मिळवून गावी पाठवतात. माया खरी आहे, नाकारू नका, पण आधी फोनवर विचारा : विंडोज ११ चालेल का? विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या अटींत विंडोज ११ बसत नाही. ज्या मशीनवर बँकेचा व्यवहार करायचा ते असे नको. मुलांच्या अभ्यासापुरते असेल तर त्यावर लिनक्स घालावे, ते फुकट मिळते. दुकानदार ‘फुकटात टाकून देतो’ म्हणतो ते चोरीचे विंडोज मात्र घेऊ नये.

मराठीसाठी वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. इनस्क्रिप्टचा मराठी कीबोर्ड विंडोजमध्ये आधीच असतो, फक्त चालू करावा लागतो. त्यात लिहिलेले युनिकोडमध्ये असते, म्हणून दुसऱ्या मशीनवरही वाचता येते. जुन्या फाँटात टाइप केलेली सोसायट्यांची कागदपत्रे नव्या मशीनवर उघडली की नुसती चिन्हे दिसतात, हे सचिव मंडळींना ठाऊक आहेच.

पक्के बिल घ्या. जीएसटी १८ टक्के पडतो, तो वाचवायला कच्ची चिठ्ठी घेतली तर वॉरंटी मागताना हात हलवत परत यावे लागते. मशीनचा नंबर बिलावर लिहून घ्या, आणि दुरुस्तीला माणूस घरी येणार की डबा उचलून जिल्ह्याला न्यायचा, ते पैसे मोजण्याआधी विचारा.